तिसऱ्या सिलिंडरची फट

टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या फटी, सकाळीच बघायचे असतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पार गार झालेली असते आणि गार इंजिनच खरं बोलतं, असं त्या दोघा भावांचे वडील म्हणायचे. म्हणून त्या सोमवारी धाकटा सहालाच उठला, चहासुद्धा न घेता जिना उतरून खाली गॅरेजात आला, आणि वडिलांच्या जुन्या गाडीमागे पोतं अंथरून आडवा झाला. दहा मिनिटांचं काम होतं. ते आटोपून वर जाऊन चहा प्यायचा, एवढाच त्याचा बेत होता.

गाडी तशी साधीच, पण तऱ्हेवाईक. इंजिन मागच्या बाजूला, पाणी नाही, रेडिएटर नाही, सगळी मदार वाऱ्यावर. चार सिलिंडर उभे नसून आडवे झोपलेले, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. इंजिन असं मधोमध वाटलेलं होतं म्हणूनच ते बांधून झालं म्हणायचं. कारण दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. वडील गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जुन्या इंजिनात तेल दाट घालावं की पातळ, यावरून जुंपली. थोरला म्हणाला, तुला अक्कल नाही. धाकटा म्हणाला, तुला कान नाहीत. त्या दिवशी गॅरेजच्या फरशीवर मधोमध खडूची रेघ पडली आणि ती दर महिन्याला नव्याने गिरवली जाऊ लागली. जॅक धाकट्याच्या हद्दीत राहिला, हवेचा पंप थोरल्याच्या. लग्न दोघांचंही झालेलं नव्हतं, जेवण वर आईच्या हातचं, एकाच टेबलावर, एकमेकांकडे न बघता. जॅक हवा असला की थोरला जिन्याकडे तोंड करून ओरडे, "आई, त्याला सांग, जॅक हवाय!" वरून आई ओरडे, "अरे, दे त्याला जॅक!" आणि दोन हात अंतरावर उभा असलेला धाकटा जॅक रेघेवरून ढकलून देई.

चार वर्षं गाडी ताडपत्रीखाली पडून होती. यंदा आईला सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ती म्हणाली, "मला काही नको. ती गाडी तेवढी चालू करा." झालं. डावी बाजू धाकट्याने बांधली, उजवी थोरल्याने. महिनाभरात गाडी सुरू झाली, तीनशे किलोमीटर रमतगमत चालवून झाली, आणि आता टॅपेट तपासायचे होते.

व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. ती मोजायला पातळ पोलादी पत्ती असते. पत्ती जराशी अडखळत आत गेली की फट बरोबर. धाकट्याच्या डाव्या बाजूच्या चारपैकी तीन व्हॉल्व्हना ती गेली. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला जाईना. फट उरलीच नव्हती.

धाकट्याच्या कपाळाला आठी पडली. फट वाढली तर बिघडत नाही, टॅपेट टकटक वाजतो, माणूस सावध होतो. फट गेली की आवाजच येत नाही. व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आतल्या जाळात भाजत राहतो, आणि एक दिवस त्याचं डोकं तुटून सिलिंडरात पडतं. इंजिनाचा चुराडा होतो. वाजणाऱ्या टॅपेटला भिऊ नये, गप्प झालेल्याला भ्यावं.

त्याने फट पुन्हा सहीसही लावली, नट आवळला आणि चहाला वर गेला.

मंगळवारी सहज म्हणून पाहिलं, तर फट गायब. गाडी सोमवारभर जागची हललेली नव्हती.

नव्या इंजिनात एखादा भाग जरा खाली बसतो आणि फट बदलते, हे त्याला ठाऊक होतं. पण चालवल्यावर. उभ्या गाडीत कसं होईल? म्हणजे नट कुणीतरी फिरवला. आणि या घरात पाना धरता येणारा दुसरा माणूस एकच होता. धाकट्याने शटरवर खडूने लिहिलं, 'माझ्या बाजूला हात लावू नये.' दुपारी खाली उत्तर आलं, 'तुझ्या बाजूला हात लावण्यासारखं आहे काय?'

त्या संध्याकाळी त्याने फट लावून नट आणि स्क्रू यांच्यावर आरपार लाल रंगाची बारीक रेघ मारली. नट केसभर जरी फिरला असता तरी रेघ तुटली असती. चोर पकडायला एवढं पुरे होतं.

बुधवारी सकाळी रेघ अखंड होती. फट नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे, झाकण काढताना त्याच्या बोटांना लागलं ते लोखंड गार नव्हतं. कोमट होतं. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाची खुर्ची असते, तसं.

धाकटा पोत्यावर उठून बसला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग रेघेपलीकडे कामाला लागलेल्या भावाला त्याने चार वर्षांत पहिल्यांदा हाक मारली.

"दादा... जरा इकडे ये रे."

रेघेपलीकडे थोरल्याच्या हातून पाना निसटून खणकन पडला. तो उठला, रेघेपाशी थबकला, आणि पुढे डबकं असावं तशी लांब ढांग टाकून अलीकडे आला. धाकट्याने दाखवली तशी त्याने लाल रेघ बघितली, पत्ती घालून बघितली. मग पोलादी पट्टी घेऊन व्हॉल्व्हच्या शेंड्यांवर आडवी धरली. तिसऱ्याचा शेंडा इतरांहून वर आला होता.

"नट नाही फिरलेला," तो म्हणाला. "व्हॉल्व्हच लांबलाय. भाजून भाजून ताणला गेलाय. गाडी कुठे पळवून आणतोस रे?"

"देवाशपथ नाही. मीटर बघ हवं तर."

थोरल्याने मीटर बघितला. रविवारचाच आकडा होता. तो परत येऊन उकिडवा बसला.

"व्हॉल्व्ह नवाच टाकलायस ना?"

धाकटा पत्ती फडक्याने पुसू लागला.

"विचारतोय मी."

"तीन नवे आहेत. तिसऱ्याचा एक्झॉस्ट जुनाच पुसून घातला. एक कमी पडला होता."

"अरे, माझ्याकडे एक जास्तीचा पडून होता!"

"माहीत होतं. पण मग मागावा लागला असता."

"आईकडून मागवायचास."

"आईने मला आतापर्यंत दोन वेळा व्हॉल्व्हऐवजी बाटलीचं बूच आणून दिलंय."

थोरला हसणार होता, पण त्याचा हात इंजिनावर होता, आणि हसू अर्ध्यात राहिलं.

"हे गरम का आहे?" त्याने हळूच विचारलं.

 संध्याकाळी त्यांनी बॅटरी सोडवून टेबलावर ठेवली. किल्ली थोरल्याने खिशात घातली. शटरला आतून कुलूप लावलं आणि गुरुवारी पहाटे साडेचारला दोघे गाडीजवळ स्टुलं टाकून बसले. सवयीने एक रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे.

बल्ब पिवळा होता. तेलाचा, रबराचा, जुन्या कापडाचा रोजचाच वास. गाडी समोर उभी होती, मुकाट, घरच्या म्हशीसारखी. धाकट्याने इंजिनावर तळहात ठेवून पाहिला, थंडगार. पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. थोरला पेंगू लागला.

"टिक..."

धाकट्याने मान वळवली.

"टिक... टिक..."

लांबचा पल्ला मारून गाडी घरी आली, इंजिन बंद केलं, की पत्रे गार होताना जो आवाज येतो ना, तोच. गाडी गेली नव्हती. सुरू झाली नव्हती. पण आता ती परत आली होती. तापलेल्या तेलाचा वास नाकात भरला. इंजिनाभोवतीची हवा थरथरू लागली.

"दादा..."

"ऐकतोय."

"हात लावून बघ ना."

"तू धाकटा आहेस. तू लाव."

धाकट्याने बोट टेकवलं आणि चटका बसून मागे ओढलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दोघांनी एकमेकांचे दंड धरले. रेघ कुठे होती कोण जाणे, दोघे तिच्यावरच उभे होते.

"आले का रे?" जिन्यावरून आईने विचारलं.

"क... कोण?"

"तुमचे वडील. सव्वापाचला येतात. आज दोन मिनिटं उशीर झाला." आईने शाल सारखी केली. "असे काय बघताय? गाडी सुरू केलीत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून येतायत. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. मेकॅनिक म्हणवता ना?"

थोरला खाली स्टुलावर बसला. स्टूल तिथे नव्हतं.

आईने मग तिथेच, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून सांगितलं. चाळीस वर्षं हा माणूस पहाटे गाडी घेऊन जायचा आणि सव्वापाचला परत यायचा. कुठे जाता विचारलं तर म्हणायचा, जरा वारा खाऊन आलो. मला न्या म्हटलं तर म्हणायचा, तू झोप. "चाळीस वर्षं मी जागी राहून त्या टिकटिकीची वाट बघितली. बाई असेल म्हणावं, तर अंगाला वास फक्त तेलाचा. मेल्यावर तरी घरी बसतील म्हटलं, तर हे असं. आता मला कळलंच पाहिजे कुठे जातात ते."

"आई, तुला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? राग येतोय. आणि ते बिघडलेलं काय आहे ते नीट करा. रस्त्यात कुठे बंद पडले तर या वयात ढकलणार कोण?"

मग काय करणार? दोघांनी मिळून इंजिन खाली उतरवलं, डावं हेड काढलं. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा थोरल्याने शीळ घातली. डोक्याखालची दांडी ताणलेल्या गुळाच्या पाकासारखी बारीक झाली होती. आणखी एक चढण आणि तुकडा पडला असता. थोरल्याने आपल्या फळीवरचा तो जास्तीचा व्हॉल्व्ह आणून धाकट्याच्या हातात ठेवला. दोन दिवस दोघे खांद्याला खांदा लावून राबले. तेलाची वेळ आली तेव्हा धाकटा म्हणाला, "दाट घाल." थोरला म्हणाला, "नको, पातळच बरं." यावरून थोडं पुन्हा वाजलं, पण तोंडावर वाजलं, जिन्याकडे बघून नाही. शनिवारी संध्याकाळी आठही फटी सहीसही लागल्या. इतकं नेमकं काम दोघांच्याही हातून आजवर झालं नव्हतं.

रविवारी पहाटे धाकटा साडेपाचला उठला. आईचं अंथरूण रिकामं होतं. उशी गार होती.

दोघे धडपडत खाली आले. शटरला कुलूप तसंच. बॅटरी टेबलावर. किल्ली थोरल्याच्या खिशात. आणि गाडीत पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, आई बसली होती. केस वाऱ्याने पार विस्कटलेले, गाल लाल, नाकाचा शेंडा गार. समोरच्या काचेवर चिलटं चिकटली होती. मागे इंजिन शांतपणे टिकटिकत होतं.

"आई! कुठे गेली होतीस?"

"वारा खायला," आई म्हणाली. सोळा वर्षांच्या मुलीसारखी ती हसली.

"पण कुठे?"

"मी चाळीस वर्षं विचारत होते, मला कुणी सांगितलं?" ती सावकाश खाली उतरली, दार हळूच लोटलं. "गाडी झकास चालतेय. हे खूश आहेत. पोरांनी मिळून बांधलीय, म्हणाले, लगेच कळतं."

थोरल्याचे डोळे भरून आले. धाकट्याने नाक ओढलं. चार वर्षांनी बापाची शाबासकी मिळाली, ती अशी.

"कुणी बाई नव्हती ना?" धाकट्याने न राहवून विचारलं.

"कुणीच नव्हतं रे. नुसता रस्ता. लांबच लांब चढ, आणि वर..." आई थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जरा विझलं, मग परत आलं. "आज अर्ध्यातूनच वळलो. इंजिन नवं आहे, दमवायला नको म्हणाले. पुढच्या खेपेला पार वरपर्यंत जायचंय." ती जिना चढू लागली. तीन पायऱ्यांवर वळून म्हणाली, "आणि हो, मागची सीट पुसून ठेवा, असं सांगितलंय. चौघांनी जायचंय."

वर स्वयंपाकघरात तिने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

खाली दोघे भाऊ उभे. मागच्या सीटवर चार वर्षांची धूळ होती, तिच्यावर जुन्या रबरी नळ्यांचा ढीग पडलेला होता, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. धाकट्याने दार उघडून आत डोकावलं.

सीट लख्ख होती. नळ्या खाली नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"तू पुसलीस?" त्याने विचारलं.

"मी नाही," थोरला पुटपुटला. "मला वाटलं... तू."

सीटच्या कडेवरून पाणी अजून ठिबकत होतं.