गाळलेली वाट

तलावाचं गेट चालवणाऱ्या पेटीसाठी मी लिहिलेलं काम एवढंच.

भोंगा. भोंगा. भोंगा.
वाट.
गेट.

अर्जुनी मोरगावहून एस.टी.नं पाऊण तासावर हा तलाव आहे. पूर्वी बकाराम नावाचा म्हातारा पाळीवर उभा राहून "पाणी सोडून राहिलो रे!" असं तीनदा ओरडायचा. खालून कोणीतरी "सोड!" म्हणायचं. मगच तो तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाचं, लाकडी बूच उपसायचा. दोन वर्षांपूर्वी तिथं मोटरचं गेट आलं. ओरडण्याच्या जागी भोंगा. "सोड"च्या जागी खाली कालव्याच्या मोरीजवळ, खांबावर एक हिरवं बटन. ते दाबलं जाईपर्यंत पेटीनं वाट पाहायची. प्रोग्राम मी नागपुरात लिहिला. यंदा जूनमध्ये नव्या कंपायलरवर पुन्हा बांधून पाठवला.

सहा ऑक्टोबरला सकाळी सुखराम मोरीत शिरून गवत काढत होता. भोंगा वाजला. लगेच पाणी आलं. तो आतच राहिला.

गावानं ठरवलं की त्यानंच बटन दाबलं आणि मग आत शिरला. थोडी घेतली असेल.

मी आलो तेव्हा त्याची बायको धुरपता गेटजवळ उभी होती. "साहेब, त्यायनं बटन दाबलं का नाही, तेवढंच सांगा. बाकी मले काही नाही पाहिजे."

पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष गुलाबचंद मला खोलीत घेऊन गेले. "प्रफुलभाऊ, मशीन थोडीच झूठ बोलते? लिहून द्या न, दाबलं म्हणून. मेलेल्याले काय फरक पडते?"

"तपासावं लागेल."

"तपासा. पण धानाले शेवटचं पाणी पाहिजे. लोंबी पोचट राहिली त मंग तुमचा ल्यापटाप शिजवून खाऊ का आम्ही?"

कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. काही बिघडलं की पहिला संशय त्याच्यावर जातो. पंधरा वर्षांत मी सात वेळा घेतला. सातही वेळा चूक माझी निघाली. या वेळी मला तो दोषी हवा होता.

जुन्या कंपायलरनं बांधलं. पेटी वाट पाहत होती. नव्यानं बांधलं. पाहत नव्हती. बरं वाटलं. मग यंत्राच्या भाषेतली यादी उघडून ओळ न् ओळ वाचली.

भोंगा. भोंगा. भोंगा.
गेट.

मधलं काही नव्हतं. प्रोग्रामच्या भाषेचं नियमपुस्तक काढलं. त्यात लिहिलंय, अशी वाट कधी ना कधी संपणारच, असं कंपायलरनं धरून चालायला हरकत नाही. संपणारच असेल आणि तिच्यानं दुसरं काही बदलत नसेल, तर ती गाळता येते. बटन बाहेरचं माणूस दाबतं, हे सांगणारा एक शब्द लिहायचा असतो. मी तो लिहिला नव्हता.

आठव्यांदा.

अपघाताची पेटी, त्याच प्रोग्रामसकट, परत गेटवर लावली. बटनाची तार काढून पिशवीत टाकली. मोरीत वाकून स्वतः पाहिलं. कोणी नव्हतं. ती लगेच गेट उघडणार आणि मी ते लिहून घेणार.

भोंगा. भोंगा. भोंगा.

गेट हललं नाही.

तारा तपासल्या. मोटर तपासली. एक्केचाळीस मिनिटांनी गेट आपोआप उघडलं.

दुसऱ्या दिवशी चिप वाचून यादीशी ताडून पाहिली. एक अक्षर वेगळं नव्हतं. एक्केचाळीस मिनिटं.

तिसऱ्या दिवशी चिप बदलली. मोटर बदलली. एक्केचाळीस.

गुलाबचंद म्हणाले, "पाणी त सुटून राहिलं न? मंग राहू द्या. उशिरा का होईना."

धुरपता तिन्ही दिवस पाळीवर बसून होती. मी तिच्याजवळ गेलो.

"त्यांनी बटन दाबलं नव्हतं," मी म्हणालो. "पेटीनं वाटच पाहिली नाही. चूक माझी आहे. तसं लिहून देतोय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. रडली नाही. मोरीकडे पाहत राहिली.

"मंग आता काऊन पाह्यते वाट?"



अहवाल लिहिताना पंचनाम्याची प्रत समोर ठेवली. आधी एकदा वाचली होती. शेवटच्या ओळी वाचल्या नव्हत्या.

'९.१२ वा. पाणी सुटले. ९.५३ वा. सदर इसमास मोरीतून बाहेर काढले.'

वजाबाकी केली. पुन्हा केली.

अहवालात चूक माझी असं लिहिलं. सही केली. एक्केचाळीसचं काही लिहिलं नाही. राहिलेला शब्द घालून नवा प्रोग्राम बसवला आणि नागपूरला आलो. गेट आता बटन दाबलं की उघडतं, असा गुलाबचंदांचा फोन आला. धान वाचलं.

काल दुपारी ऑफिसात एक कोरी पेटी घेतली. तिच्यात मुद्दाम तोच चुकीचा प्रोग्राम भरला. टेबलावर तलाव नाही, मोरी नाही. गेटच्या जागी एक छोटा दिवा जोडला.

भोंगा. भोंगा. भोंगा.

दिवा लागला नाही.

शेजारच्या टेबलावरची नीतू म्हणाली, "सर, कशाची वाट बघताय?"

मी मनगटावरचं घड्याळ काढून खणात ठेवलं.

दिवा लागला तेव्हा टेबलाखाली माझे मोजे ओले होते.