चिंधीचा खोकला

सत्यशीलेच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र म्हणजे साधं पोस्टकार्ड. दारव्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात ते माझ्या हाती पडलं तेव्हा पोस्टमन शंकरसिंगचं वाचून झालेलं होतं. त्याने ते मला तोंडपाठच म्हणून दाखवलं. ‘सविनय जयभीम. आमच्या घरी एक मांजर आहे. अजून वर्षाची नाही. खाते, खेळते, पण मधूनमधून खोकते. काय करावे ते लवकर कळवावे. सत्यशीला नागोराव मनवर, मुक्काम लाडखेड.’

आमचे डॉक्टर जफरसाहेब हसले. “सरकारनं आपल्याले बैलासाठी बसवलं, धर्मपाल. बिल्लीचं तू पाह्य. किताबं तूच वाचतो.”

मी तिथे कंपाउंडर होतो, आणि वाचत होतो हे खरं. कपाटातली सगळी पुस्तकं काढून पाहिली. बैलाचा खोकला सापडला, घोड्याचा सापडला, कोंबडीचासुद्धा सापडला. मांजर कुठेच नव्हतं. अंदाजाने काही लिहावं आणि त्यानेच ती दगावली तर? दोनदा लिहायला बसलो, दोनदा कागद फाडला. कार्ड टेबलाच्या खणात राहिलं.

एकसष्ट साल असावं. थंडी होती, कापसाची वेचणी जोरात होती. एका सकाळी यवतमाळकडून येणारी छोटी गाडी गेल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने दवाखान्याच्या दारात एक मुलगी उभी राहिली. कडेवर टोपली, टोपलीवर फडकं, आणि फडक्याखाली काहीतरी हलत होतं.

“पत्राचं उत्तर देनारे इथं कोन हायेत?”

“मी…” मी म्हणालो.

“म्हंजे न देनारे.”

तिने टोपली माझ्या टेबलावर ठेवली. फडक्यातून एक करडं डोकं वर आलं, हिरवे डोळे, एक कान किंचित दुमडलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावर उतरून अंग चोरून बसलं, मान पुढे लांब केली, आणि… खोकलं. कोरडा, बारीक, घासल्यासारखा आवाज. दोनतीनदा. मग जसं काही झालंच नाही तसं पंजा चाटायला लागलं.

ती मात्र तशीच उभी होती, दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरून.

“असंच करते,” ती म्हणाली. आता आवाजात तो तोरा नव्हता. “आत्या म्हन्ते, डाग द्या. सांडशी तापत घातली होती चुलीत. मी टोपली उचलली न् स्टेशन गाठलं.”

आमच्या भागात तेव्हा दुखऱ्या गुरांना आणि पोरांनाही तापलं लोखंड लावत. मलाही लहानपणी लावलं होतं. पण त्या एवढ्याशा जिवाच्या पोटावर…

जफरसाहेब उठून आले. त्यांनी मांजरीचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, छातीला कान लावला, पोट चाचपलं. “हिरड्या गुलाबी. दम लागत नाही. खाते?”

“माझ्याहून जास्त.”

“मग घाबरायचं नाही, पन सोडायचंबी नाही. हिले बैलाची दवा देऊ नका, मानसाची तर बिलकूल नको. धूर, धूळ, लांब ठेवा. केव्हा खोकते, काय केल्यावर खोकते, ते पाहा. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायले लागली, तर मले झोपेतून उठवा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “धर्मपाल, तुझ्या खोलीत ठेव. तुले पाहत बसायची आदतच हाय.”

मुलीने चटकन माझ्याकडे पाहिलं. मी मांजरीकडे पाहिलं.

“बाबा मागं स्टेशनापर्यंत आले होते. बाजाराच्या दिवसापर्यंत कबूल केलं हाय त्यांनी,” ती म्हणाली. “तवर खोकला थांबला तर ठीक. नाही तर ते येतीन, हिले घेऊन जातीन, न् आत्या म्हन्ते तसं करतीन.”

“नाव काय हिचं?”

“चिंधी.”

“एवढी देखणी, आणि चिंधी?”

“हिच्या आधीची सारी मेली. म्हून.” ती जराशी लाजली. “दीक्षा घेतल्यापासून आपुन दृष्टबिष्ट मानत नाही. पन मांजर मानते ना.”

मी हसलो. मला अनोळखी माणसांपुढे हसता येत नाही, पण हसलो. आणि कसं कोण जाणे, बोलूनही गेलो, “माझंही जुनं नाव उकंडा. माझ्या आधीची चार गेली होती.”

“मंग जगले म्हना की,” ती हळूच म्हणाली. “चांगलं झालं.”

दवाखान्याला लागून असलेल्या माझ्या खोलीत चिंधी राहायला आली. मी तिच्याकडे पाहत राहायचो. तिने जांभई दिली तरी मला वाटायचं, आता खोकणार. जेवताना अडखळली की माझा घास थांबायचा. मात्र ती खोकली नाही. एक दिवस नाही, दुसरा नाही. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला वाटलं, माझं लक्ष चुकलं असेल, मी पाठ फिरवल्यावर खोकत असेल.

सत्यशीला दारव्ह्याला शिवणक्लासला यायची. आता क्लासच्या आधी ती माझ्या खोलीशी थांबू लागली. उंबऱ्यावर बसायची, दार सताड उघडं, समोर दवाखान्याचं आवार. चिंधी धावत जाऊन तिच्या मांडीत शिरायची, पदरात नाक खुपसायची.

“इतकी पुस्तकं?” एकदा तिने विचारलं. “सारी वाचली?”

“बहुतेक.”

“न् एक कार्ड लिहिता येत नाही.”

“काय लिहावं ते कळत नव्हतं.”

“‘कळत नाही’ असं लिहाचं. मी वाचलं असतं.”

हिवाळ्याचं कोवळं ऊन तिच्या केसांवर पडायचं, आणि त्यात काहीतरी पांढरं, बारीक चमकायचं. मी ते पाहायचो आणि मग पाहिलं म्हणून घाबरायचो.

पण त्या भेटींत एक भयंकर गोष्ट माझ्या ध्यानात आली. सत्यशीला आली, चिंधी मांडीवर गेली, की थोड्या वेळात मान लांब करायची… आणि खोकायची. पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सत्यशीलेचा चेहरा पांढरा पडला. “थांबला म्हन्ता ना तुमी? उद्या बाजार हाय. उद्या बाबा येतीन.”

मला धीर द्यायचा होता. मी कितीतरी वेळ शब्द जुळवले, आणि तोंडातून निघालं ते असं, “एरवी खोकत नाही. तुम्ही आलात… की खोकते.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग चिंधीला अलगद खाली ठेवलं.

“म्हंजे मी येऊ नये.”

“तसं नाही… म्हणजे…”

“कळलं मले. बोलाचं तर थेट बोलावं मानसानं.” तिने शिवणाची पिशवी उचलली. वळताना डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआडून तिलाच खोकला आला. मग ती गेली. मी उंबऱ्यात उभा राहिलो. हाक मारायची होती, नाव ओठांशी आलं होतं.

खाली पाहिलं. ती बसली होती तिथे उंबऱ्यावर पांढरे तंतू पडले होते. चिंधीच्या मिशांवर एक अडकला होता, नाकापाशी दुसरा. मी वाकून तो बोटावर घेतला. कापूस!

लाडखेडचं ते घर मी पाहिलेलं नव्हतं, पण पाहायची गरज नव्हती. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरतात. माजघर आढ्यापर्यंत भरतं, माणसं उरलेल्या जागेत झोपतात, आणि मांजर? मांजर सगळ्यात उबदार जागी झोपतं, कापसाच्या गंजीत, नाक खुपसून. त्या दिवसांत घरोघर सगळेच खोकतात, म्हणून ते कुणाच्या लक्षातच येत नाही. मीही तशाच घरात वाढलो होतो. मीही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाजाराची गर्दी ओसरत असताना सत्यशीलेचे बाबा, नागोराव, माझ्या खोलीशी आले. उंच, काटक, डोक्याला रुमाल.

“जयभीम. मांजर कुठं हाय?”

“जयभीम. बसा ना.”

“बसाले टाइम नाही. पोरगी म्हन्ते खोकला तसाच हाय. सुखीबाईनं, माह्या बहिणीनं, सांडशी काढून ठेवली.”

चिंधी माझ्या खाटेखालून त्यांच्या पायांकडे पाहत होती. आता बोललो नाही तर…

“तिला कापसाचा त्रास आहे,” मी म्हणालो. आवाज फाटला. “इथे कापूस नाही, इथे खोकत नाही. तुमच्या मुलीच्या पदराला तंतू होते, ते नाकात गेले की खोकते.”

“कापूस?” ते हसले. “अरे बाबू, कापूस घरात आला का सारं गावच खोकते.”

“मग साऱ्या गावाला डागता का?”

त्यांनी डोक्याचा रुमाल सारखा केला. मी थांबलो नाही.

“मग या चिंधीलाच काहून?”

हे मीच बोललो का, ते मला कळेना. नागोरावांनी डोळे बारीक केले, मग मोठ्याने हसले, आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबेना. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी ओंजळीत उरलेल्या थेंबांनी डोळे पुसले आणि चिंधीकडे पाहिलं.

“ठेव तुह्याजवळ. कापूस इकला का घर झाडून घेऊ, मंग न्यू.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “पोरगी आज क्लासला नाही आली. म्हन्ते, त्या दवाखान्यात मुकी मानसं ठेवली हायेत. तिचं पत्र आलतं ना तुह्याकडं? उत्तर काहून नाही देल्लं?”

“देतो,” मी म्हणालो. “आजच.”

“दे लवकर. कापूस इकला का तिचंबी पाहाचं हाय कुठं.”

ते गेले. मी अंतर्देशीय पत्र काढलं. यावेळी कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं. पुस्तकं उघडली नाहीत, कागद फाडला नाही.

‘सविनय जयभीम. आपल्या पत्राचे उत्तर देण्यास उशीर झाला. मांजर तुमच्यामुळे खोकत नाही, कापसामुळे खोकते. काल मी चूक बोललो. कापूस विकेपर्यंत चिंधी इथेच राहील. तुमच्या बाबांनी कबूल केले आहे. काय करावे, असे तुम्ही विचारले होते. मांजराला धुरापासून, धुळीपासून लांब ठेवावे, आणि तिच्याकडे लक्ष ठेवणारे माणूस जवळ असावे. माझ्या खोलीत कापूस नाही. पुस्तकांवर धूळ असते, ती मी रोज झाडीन. तुम्ही आलात की चिंधी आधी तुमच्याकडे धावते. मीही धावलो असतो, पण मला सवय नाही. तुमचे कुठे पाहणे सुरू होण्याआधी तुमच्या बाबांना माझे नाव सुचवले, तर तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तरी चिंधीची काळजी घेईन. कळवावे. धर्मपाल, म्हणजेच उकंडा.’

संध्याकाळच्या टपालाआधी मी पोस्टात धावलो. शंकरसिंग पेटी उघडून पत्रं थैलीत भरत होता.

“अंतर्देशीय?” त्याने उलटसुलट करून पाहिलं. चिकटवलेल्या कडांवरून अंगठा फिरवला, पत्ता वाचला आणि भुवया उंचावल्या. “आमच्यासाठी काहीच ठेवलं नाही वाचायला, कंपाउंडर साहेब.”

पत्र त्याच्या हातातच होतं. माझा हात आपोआप पुढे झाला होता.

“काय झालं? वापस पाहिजे काय?”

दूर स्टेशनात छोट्या गाडीने शिटी दिली.

“नाही,” मी म्हणालो आणि हात मागे घेतला. “जाऊ द्या.”