मलिहाबादचा श्रोतागट

आमच्या रेडिओचा आवाज लखनौच्या निशातगंजपासून चहूकडे दहा-बारा किलोमीटर जातो. हवा चांगली असली आणि आमचे स्टेशन मॅनेजर हरिहरजी यांचा मूडही, तर किंचित जास्त. कम्युनिटी रेडिओ म्हणजे मोहल्ल्याचा रेडिओ. ट्रान्समीटर छोटासा, त्यातच भागवायचं. लोखंडी ट्रंकांच्या एका दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया ठोकल्या आहेत. एसी आहे, पण तो घरघरतो, म्हणून माइक चालू असताना बंद ठेवावा लागतो. जून महिन्यात, लखनौत, बंद खोलीत, चारी बाजूंनी रजया घेऊन कुणी रॉक संगीताबद्दल उत्साहानं बोलून दाखवावं.

मी दाखवते. दर शनिवारी दुपारी चार वाजता. कार्यक्रमाचं नाव 'छतवाले', कारण इथली पोरं सराव करतात ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, शेजारचे ओरडेपर्यंत. ज्यांना कुठलीही कंपनी विचारत नाही आणि जे स्वतःच गाणी रेकॉर्ड करतात, असे बँड मी इंटरनेटवर शोधून काढते. लखनौचे, नागपूरचे, अगदी शिलाँगचे. त्यांना निरोप पाठवते. ते मला 'आंटी' म्हणतात आणि चुकीच्या फॉरमॅटमध्ये गाणं पाठवतात. मी परत मागवते. ते परत तेच पाठवतात.

यातलं काही मला कुणी शिकवलेलं नाही. नवरा विश्वास रेल्वेत इंजिनिअर. त्याच्या बदलीबरोबर वर्ध्याहून इथे आले. मुलगी अनन्या शाळेत जायला लागल्यावर दुपारी घरात मी आणि कुकर, दोघंच उरलो. अशाच एका दुपारी फोनवर चुकून एक गाणं लागलं. कुणीतरी बाई बेसूर गिटारवर जिवाच्या आकांतानं ओरडत होती. मला वाटलं, चला, माझ्या वाटचंही हिनंच ओरडून टाकलं. तिथून लागलेलं हे खूळ. व्हिडिओ बघून बघून एडिटिंग शिकले. दोन शब्दांमधला श्वास मी असा कापते की बोलणाऱ्यालाही कळत नाही.

ऐकतं कोण, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. तो हरिहरजींनी विचारला.

"दीदी, बुरा मत मानिए, पर इसको सुनता कौन है?"

"सुनते हैं लोग."

"कौन लोग? एक का नाम बताइए. आपके विश्वासजी को छोडकर."

विश्वासही ऐकत नाही, हे मी सांगितलं नाही.

जुलैपासून माझी वेळ मधुमेहावरच्या कार्यक्रमाला जाणार होती. वाचवायची असेल तर एक श्रोतागट दाखवायचा. नेमानं ऐकणारी दहा माणसं, त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून आणायची. मी कॉलनीत फिरले, कॉलेजच्या गेटवर उभी राहिले. "रेडिओ? अभी भी होता है?" असं एका मुलीनं इतक्या सहानुभूतीनं विचारलं की मीच तिला सॉरी म्हटलं. ज्यांची गाणी लावते त्या पोरांना फोन केले. "आंटी, लिंक भेज दीजिए ना."

घरी अनन्याला सांगितलं. ती अमौसी विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर आहे. शनिवारी तिची ड्युटी ठरलेली, त्यामुळे माझा एकही कार्यक्रम तिनं ऐकलेला नाही, आणि त्याचं तिला दुःख नाही. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते.

"आई यार, जाने दो ना. बंद हो रहा है तो होने दो. तुम थकती भी तो हो."

"मी कुठं थकते?"

"पूरे टाइम तो चिढी रहती हो."

चिडेन नाहीतर काय करेन?

त्याच आठवड्यात स्टुडिओच्या फोनवर एका बाईचा फोन आला. नाव रामरती. मलिहाबादहून बोलत होती, आंब्याच्या बागेतून. "हम सब जनी पेटी भरते-भरते आपका 'छतवाले' सुनते हैं. बहुत दिन से." मी खुर्चीतून उठलेच. हरिहरजी हसले. "मलिहाबाद? दीदी, वहाँ तक तो हमारी हवा नहीं जाती." ते चूक नव्हते. आमच्या ट्रान्समीटरचा आवाज मलिहाबादच्या निम्म्या वाटेतच विरतो. पण रेडिओलहरींचं काही सांगता येत नाही, असं मी वाचलं होतं. शिवाय मला दहा माणसं हवी होती. ती कुठून ऐकतात याच्याशी मला काय करायचं होतं?

बुधवारी मी बसनं गेले. ऊन रणरणत होतं. दशहरी आंब्यांचा हंगाम जोरात होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रक, ट्रकांवर पेट्या, आणि हवेत पिकत्या आंब्याचा गोड, जरासा आंबूस वास. बाग आत होती. झाडांखाली पत्र्याची शेड, शेडमध्ये पंधराएक बाया आंबे निवडत होत्या, कागदात गुंडाळत होत्या, लाकडी पेट्यांत रचत होत्या. एकजण पेट्यांना खिळे ठोकत होती. खांबाला, सुतळीनं, एक काळा रेडिओ टांगला होता. बंद.

"मैं सुलभा," मी म्हटलं. "छतवाले."

हातोडी थांबली. मग बाकीचे हातही.

मी हसून उभी. एवढे चाहते समोर असण्याची सवय नव्हती, मला वाटलं त्या लाजल्या. एक वयस्क बाई पुढे आली, तीच रामरती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग सावकाश म्हणाली, "अच्छा." पाटावरची धूळ पदरानं पुसून तो मला बसायला दिला. बाकीच्या आपापल्या जागा सोडून जरा मागे सरकल्या.

पाणी आलं. मी प्यायले. सगळ्या बघत होत्या.

"दीदी," एका तरुण पोरीनं विचारलं, "आपको गरमी लगती है?"

"लगेगी नहीं? पसीना देखो मेरा."

कुणी हसलं नाही.

मी रेकॉर्डर काढून लावला आणि विचारायला सुरुवात केली. काय सांगू, त्यांना सगळं ठाऊक होतं. आमच्या गल्लीतल्या 'बंद शटर' या बँडचं पहिलं गाणं. नागपूरची सावनी, जी गाताना मध्येच खोकली होती आणि मी तो खोकला मुद्दाम ठेवला होता. मी ढोलकी आणि ड्रमच्या भांडणावर केलेला विनोद. 'बंद शटर'ची एक ओळ तिघींनी मिळून म्हटली, आंबे गुंडाळता गुंडाळता, जात्यावर बसल्यासारखी. इतकी वर्षं रजयांशी बोलत होते, आणि हे सगळं इथे येऊन पोचत होतं.

"पिछले आम के मौसम तक तो आप ही बोलती थीं," रामरती म्हणाली.

"अब भी मैं ही बोलती हूँ."

तिनं मान खाली घातली. "बिटिया भी अच्छा बोलती है. हम लोग आपको याद करते हैं, पर वो भी अच्छा बोलती है."

"कौन बिटिया?"

"आपकी. अनन्या."

अनन्याचं नाव मी रेडिओवर कधीच घेतलेलं नाही. घरचं काही मी तिथे बोलत नाही.

"कुछ गडबड है," मी म्हटलं. "वो तो एअरपोर्ट पे है."

"अभी आएगा," ती पोरगी म्हणाली आणि उठून तिनं रेडिओ लावला.

बुधवार होता. त्या वेळी आमच्या स्टेशनवर लोणच्यांचा कार्यक्रम असतो. तेवढं सांगायला मी तोंड उघडलं. रेडिओ खरखरला. मग खरखर अशी मऊ झाली, जशी रजयांच्या खोलीत शिरल्यावर होते.

"नमस्कार. छतवाले ऐकताय. मी अनन्या."

मराठीत. स्वच्छ, सावकाश, वर्ध्याकडच्या वळणाचं मराठी. मग हिंदी. काल कुठल्या गच्चीवर गेली होती ते ती सांगत होती. माइक तोंडाला फार जवळ होता, प्रत्येक 'प' फुटत होता. एसी बंद करायला विसरली होती, घरघर ऐकू येत होती. आमचाच एसी. पण बोलत छान होती. मध्येच हसली. ते हसू मी घरात कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

मी अनन्याला फोन लावला.

"आई, बोर्डिंग चालू है. क्या हुआ?"

एका कानात ती. दुसऱ्या कानात ती.

"काही नाही. तू कुठं आहेस?"

"कहाँ होऊँगी? गेट पे. तुम ठीक हो ना?"

रेडिओवर गाणं सुरू झालं. ट्रंक फरशीवरून ओढावी तशी गिटार, आणि ड्रम मुद्दाम ठेक्याच्या किंचित मागे. एक बाई गात होती, न ओरडता, थकून घरी आल्यासारखी. मी आजवर लावलेल्या कुठल्याही गाण्यापेक्षा चांगलं होतं. मला ते कधीच सापडलं नव्हतं.

"आई," फोनमधली अनन्या म्हणाली, "ये पीछे कौन-सा गाना है?"

मी फोन रेडिओकडे जरा वळवला.

"मस्त है. किसका है?"

मी पाठवलेल्या एकाही गाण्याला तिनं कधी मस्त म्हटलं नव्हतं. गाणं संपलं. रेडिओवरची अनन्या बँडचं नाव सांगू लागली आणि नेमका त्याच क्षणी हातोडीवाल्या बाईनं पेटीवर खिळा ठोकला. एक, दोन, तीन घाव.

"रुको!" मी ओरडले. "नाम सुनने दो!"

तिनं हातोडी खाली ठेवली. पण तोवर खरखर परत आली होती.

पदरानं डोळे पुसत रामरती म्हणाली, "रोज़ यहीं तक आता है."

निघताना त्यांनी आंब्यांची पिशवी दिली. अवधमध्ये पाहुणा निघाला की 'फिर आइएगा' म्हणतात, रिक्षावालासुद्धा म्हणतो. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. कुणी ते म्हटलं नाही.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग ऐकलं. बाया होत्या. हातोडी होती, कागदाची सळसळ होती. रेडिओच्या जागी नुसती खरखर, आणि तिच्यावर एकटी मी: काही नाही. तू कुठं आहेस?

ते गाणं मी अजून शोधते आहे. चाल गुणगुणून फोनला विचारलं. सगळ्या पोरांना विचारलं. असं गाणं कुणाचं नाही.

हरिहरजींना द्यायच्या तुकड्यातून मी 'बिटिया' कापली. जिथे जिथे होती तिथून. 'पिछले आम'ही कापलं. सांधा कुठे आहे ते मलाही परत सापडलं नसतं. हरिहरजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "कमाल है, दीदी," ते म्हणाले. "चलिए, शनिवार आपका." अर्थात हे त्यांनी मोठी कुस्ती हरल्यासारख्या आवाजात सांगितलं. मला त्याचंही काही वाटलं नाही. मला वाटलं, कापलं की झालं.

जुलैच्या पहिल्या शनिवारी कार्यक्रम केला. छान झाला. जिना उतरताना दोनदा बसावं लागलं, पण उमस होती, सगळेच बसत होते.

घरी पोचले तर अनन्या माझ्याआधी आलेली. सोफ्यावर बूटही न काढता, कपाळाला आठ्या घालून फोनकडे बघत होती.

"क्या बकवास है यार," ती म्हणाली. "नया रोस्टर आया है. अगले हफ्ते से हर शनिवार मेरा ऑफ. मैंने माँगा भी नहीं था."

मी पिशवी खाली ठेवली.

"सब लोग संडे के लिए मरते हैं, और मुझे शनिवार पकडा दिया. शनिवार को मैं करूँगी क्या, आई?"