आतले पाच नट

वकिलांची गाडी पोचवायची होती, एवढंच काम होतं. तेरा फेब्रुवारी, गुरुवार, रात्रीचे सव्वादहा. वकील पहाटे परगावी निघणार, म्हणून गाडी रात्रीच त्यांच्या दारात हवी होती. पक्कड म्हणाला, मी जातो. आमच्या गॅरेजातला सगळ्यात जुना मिस्त्री. त्यानं आवळलेला नट दुसऱ्याच्या बापाला सुटायचा नाही, म्हणून हे नाव पडलेलं. मी त्याच्यासोबत एकोणीस वर्षं काम केलंय, तेव्हा ऐकीव सांगतोय असं समजू नका.

आणि तू हसू नकोस. तुझ्यासाठीच सांगतोय. पुतण्या आहेस म्हणून, नाहीतर दुपारीच कानाखाली वाजवली असती. गाडीला स्पेसर लावून आलास, मी विचारलं परत आवळलेस का, तर म्हणतोस, "काका, बसवलेत की पक्के." पक्के म्हणे.

तुझ्या या मित्राला माहीत नसेल. स्पेसर म्हणजे चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाभा, यांच्या मधे बसवायची जाड चकती. चाक बोटभर बाहेर येतं, गाडी रुंद दिसते, वळणावर जरा बसून चालते. बदल्यात बेअरिंगवर भार वाढतो, स्टेअरिंग जड होतं. ते एक वेळ चालेल. पण चकती हबला धरून ठेवणारे पाच नट असतात आत, चाकाखाली. चाक चढवलं की ते दिसत नाहीत. गंज खरवडा, समोरासमोरचे आवळा, मापात आवळणारा टॉर्क पाना लावा, तरी शंभर किलोमीटर चालल्यावर चाक काढून ते पाच परत बघायचेच. लोखंड चालता चालता बसतं, मग नट ढिला होतो. तो कुणाच्या हाताची भीड ठेवत नाही.

पक्कडला मात्र परत बघणं म्हणजे कमीपणा वाटायचा. त्या रात्रीच्या चार महिने आधी एका वायरमननं त्याच्याकडून स्पेसर बसवून घेतले होते. सव्वीस वर्षांचा, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारा. माझ्यासमोर विचारलं त्यानं, "मिस्त्री, परत यायला लागेल का?" पक्कड म्हणाला, "माझ्या हातचं आहे. परत कशाला येतोस?"

नवव्या दिवशी उतारावर त्याचं मागचं डावं चाक निखळलं. जागच्या जागी गेला.

चौकीत पक्कडनं लिहून दिलं, मी परत यायला सांगितलं होतं, तोच आला नाही. मी शेजारी उभा होतो. नोकरी जाईल म्हणून शेपूट घातली आणि गप्प बसलो. आज इतक्या वर्षांनीही माझा राग पक्कडवर जास्त की स्वतःवर, हे मला सांगता येत नाही.

वायरमनचा बाप रिटायर्ड कंडक्टर. त्यानं ते खरं मानलं. जो भेटेल त्याला सांगायचा, "ऐकलं नाही कार्ट्यानं. स्वतःच्या हातानं मेला." भिंतीवरचा फोटो उतरवला. आईला त्याचं नाव काढू देईना. इतका जपून वागणारा पोरगा, स्वतःच्याच घरात बेफिकीर ठरला. आणि सांगायला तो काही येऊ शकत नव्हता.

तर गुरुवारची ती रात्र. वकिलांच्या गाडीलाही त्याच संध्याकाळी पक्कडनं स्पेसर बसवलेले. कालव्याकडेचा रस्ता, अकरा किलोमीटर. चौथ्या किलोमीटरला मागून आवाज आला. टक... टक... टक.

उतरला. पाना लावून चाकाचे बाहेरचे नट बघितले. घट्ट. पुढे निघाला. परत टक टक.

आता जॅक लावून मागचं डावं चाक काढलं. आतले पाचही नट हातानं फिरत होते. तीन तासांपूर्वी स्वतः आवळलेले. शिव्या देत आवळले, चाक चढवलं, निघाला.

अर्ध्या किलोमीटरवर... टक.

परत चाक काढलं. पाचही ढिले. टॉर्च खाली ठेवला. उजेड गाडीखालून पलीकडे गेला.

पलीकडे दोन पाय उभे होते.

जाड रबरी तळव्याचे बूट. वायरमन घालतात तसे.

पक्कड हलला नाही. पायही हलले नाहीत.

"मिस्त्री... परत यायला लागेल का?"

रडका आवाज नाही. घोगरा नाही. चिडलेला. तोंडावर कुणी खोटं बोललं की माणूस चिडतो ना, तसा.

पक्कडनं पाना उचलला, आतला नट आवळायला घेतला.

"परत यायला लागेल का?"

पाय गाडीला वळसा घालून यायला लागले. एक पाऊल... दुसरं...

"लागतं," पक्कड म्हणाला. "लागतं रे. मी सांगितलं नव्हतं तुला."

पाय थांबले.

"घरी सांग."

मग कोणी नव्हतं. पक्कडनं कसेबसे नट आवळले आणि वकिलांकडे न जाता थेट कंडक्टरच्या गल्लीत गेला. बाराला दहा कमी. दार वाजवलं, उंबऱ्यातच सगळं सांगितलं.

कंडक्टरनं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "चौकीत सांगशील?"

पक्कडनं मान खाली घातली.

"मग माझ्या दारात कशाला आलास?" म्हणाला आणि दार लावलं.

गाडी तिथंच सोडून पक्कड चालत माझ्याकडे आला, घडलं ते सगळं सांगितलं. सकाळी सहाला आम्ही दोघं त्या गल्लीत; वकील तोवर वाट बघून दुसऱ्या गाडीनं निघून गेले होते. मी चाक काढलं. चार नटांवर खडूची रेघ होती, नटापासून चकतीपर्यंत सरळ. तपासून झालं की खूण करतात तशी. आमच्याकडे खडू कधीच नव्हता. पाचव्या नटावर रेघ नव्हती. बोटानं फिरवला, फिरला.

मी आवळला. चाक चढवून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. पुन्हा काढलं. चार जसेच्या तसे, पाचवा ढिला.

मग माझं डोकं फिरलं. पाना नालीत फेकला. म्हणालो, "हा पान्यानं बसायचा नाही. चल चौकीत. मीपण येतो, मीपण तेव्हा खोटाच होतो." पक्कड रडायला लागला. मी दंडाला धरून उठवला. दुसऱ्या पान्यानं चाक चढवलं, गाडीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात. कंडक्टर दारात खुर्ची टाकून बसला. म्हणाला, "या तुम्ही जाऊन. मी इथून हलत नाही."

संध्याकाळी पाचला परत आलो. दोघांच्या सहीच्या जबाबाची नक्कल त्याच्या हातात दिली. त्यानं दोनदा वाचली. "पोरगा ऐकणारा होता माझा," म्हणाला. आतून आईचा हुंदका ऐकू आला. या वेळी तिला कोणी गप्प बस म्हटलं नाही.

"गाडीला कोणी हात लावला?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही."

त्याच्यासमोर चाक काढलं.

पाचव्यावर रेघ होती.

कंडक्टर खाली वाकला. रेघेवर बोट ठेवलं. बोटाला पांढरं लागलं. ते त्यानं पुसलं नाही.