सरकवलेली सुपारी

मोबाइल खिशात ठेवा, मग सांगतो. हे घडलेलं आहे, डोणगावकडच्या आमच्या अर्जुनरावांच्या घरात.

दोन हजार तेवीसची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. शनिवारची रात्र. शेताची लाइट बारानंतरच यायची, म्हणून अर्जुनराव भुईमुगाला पाणी द्यायला निघाले. माणूस कर्तबगार, पण सरपंचकीसाठी जीव टाकायचा. दोनदा उभे राहिले, दोनदा आपटले. दिवाळीआधी तिसरी निवडणूक होती.

वाटेत घट लागायचा. त्या गावात आखाजीच्या संध्याकाळी शेतात गोल आखून धान्यं मांडतात आणि मधोमध विड्याच्या पानावर सुपारी ठेवतात. पान म्हणजे गादी, सुपारी म्हणजे गादीवरचा माणूस. पहाटे निवृत्तीबुवा घट वाचतात. सुपारी हलली, तर माणूस बदलणार. तोवर तिकडं कुणी फिरकायचं नाही. गावाचा एवढा विश्वास, की निम्मी मतं त्या सकाळीच ठरतात.

अर्जुनरावांनी बॅटरी मारली. सुपारी जागच्या जागी. म्हणजे तिसऱ्यांदाही घरीच बसा! डोकं फिरलं त्यांचं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. वाकले, हात पुढं केला...

समोर कुणीतरी बसलं होतं.

हिरवं लुगडं. पदर डोक्यावर. तीन वर्षांपूर्वी गेलेली त्यांची माय, सोजराबाई.

“अर्जुना, नको लावू हात. तुह्या नशिबात नाही थे.”

“माय, एक डाव... एक डाव बसू दे मले.”

“प्रेमची आन हाय तुले.”

प्रेम म्हणजे एकुलता एक पोरगा. बावीस वर्षांचा.

अर्जुनराव थांबले. हात मागं घेतला...

आणि पुन्हा पुढं केला. बोटभर सरकवली सुपारी.

वर पाहिलं तर... कुणी नाही.

सकाळी निवृत्तीबुवांनी सांगितलं, गादी बदलणार. अर्जुनराव निवडून आले. गुलालाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर नाचणारा प्रेम तोल जाऊन पडला आणि चाक अंगावरून गेलं. बाप पुढच्या जीपमध्ये गळ्यात हार घालून उभा होता. मागं काय झालं ते डीजेच्या आवाजात त्याला कळलंसुद्धा नाही.

एवढं झाल्यावर माणसानं घरात बसावं की नाही? प्रेम गेल्याच्या नवव्या दिवशी पदभार घ्यायचा होता. त्यांची बायको वच्छलाबाई दारात आडव्या आल्या.

“आज तं नका जाऊ. लेकराचा जीव अजून घरातच हाय.”

“आज नाही गेलो, तं पोरगं कायच्यासाठी गेलं मंग?”

असं म्हणाले, आणि जाऊन बसले खुर्चीत. मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि कीवही येते.

त्या रात्री प्रेमच्या खोलीत दिवा लावला, भोवती पीठ पसरलं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला, ते पिठावरच्या ठशांवरून कळतं म्हणतात. खोली रिकामी. दाराला कुलूप. वच्छलाबाई रात्रभर उंबऱ्यावर.

आवाज नाही. काही नाही...

पहाटे कुलूप काढलं. पिठात चार पाय उमटले होते. बायका म्हणाल्या, वासराचा जन्म मिळाला, पोरगं पुण्यवान.

वच्छलाबाईंनी दिवा जवळ नेला.

चारही ठसे चौकोनी होते. खुर्चीच्या पायांएवढे.