कुंदाबाई अजून जेवल्या नाहीत

फुलचूरच्या घराच्या वरच्या खोलीत दामिनीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि खिडकीला कायम ओढलेला पडदा. मागेच राइस मिल होती. पडदा सरकवला की दुपारपर्यंत कीबोर्डवर कोंड्याचा पिवळा थर बसायचा. खालून आई चहाला हाक मारायची, वरून दामिनी "मीटिंग आहे" म्हणून ओरडायची, आणि निम्म्या वेळा मीटिंग नसायची.

नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं ॲप होतं, नाव 'ओसरी'. ते पोवार समाजाची पोवारी बोली शिकवायचं. पोवारांची पोरं नोकरीसाठी पुण्या-बंगलोरला गेली, त्यांच्या लेकरांना गावाकडच्या माणसांशी धड बोलता येईना, त्यांच्यासाठी. दामिनी स्वतः पोवारच. पण तिची पोवारी 'मोरो नाव दामिनी से', म्हणजे माझं नाव दामिनी आहे, एवढ्यावर संपायची. शहरात हिंदी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, या धबडग्यात घरची बोली कुठे गळून पडली ते तिने कधी वळून पाहिलं नव्हतं. तिचं काम शिकवण्याचं नव्हतंच. लोकांना सवय लावण्याचं होतं.

ते वाटतं तितकं सोपं नाही. माणूस हौसेने ॲप घेतो, चार दिवस धडे गिरवतो आणि पाचव्या दिवशी विसरतो. दामिनीने सगळं करून पाहिलं. बिल्ले दिले, गुण दिले, मित्रांत चुरस लावून दिली. मग तिने एक चित्र घातलं: ओसरी, तिच्यावर चटई, दाराशी पाण्याचा लोटा. आलेल्या माणसाने आधी पाय धुवायचे, ही गावाकडची रीत. धडा केला की लोटा रिकामा होणार, चुकवला तर भरलेलाच राहणार. कल्पनेचं ऑफिसात कौतुक झालं आणि लोक गळायचे ते गळतच राहिले.

धड्यांतला आवाज कुंदाबाईचा होता. कुंदाबाई म्हणजे दामिनीच्या वडिलांची थोरली वहिनी, बोदलकशाच्या तलावाजवळच्या खेड्यात एकटी राहणारी विधवा बाई. तिला मूलबाळ नव्हतं. आई आजारी होती तेव्हा दामिनीची पहिली-दुसरीची शाळा तिच्याकडेच झाली होती. दामिनी तिला मोठी माय म्हणायची. या मोठ्या मायचा एक हट्ट होता. घरी यायचं माणूस आल्याशिवाय ती घास तोंडात घालायची नाही. शाळा सुटल्यावर दामिनी तलावाच्या पाळीवर खेळत रेंगाळायची. मग कुणीतरी जाता जाता म्हणायचं, "तुही मोठी माय जेवली नाही वं अजून," आणि ती दप्तर सावरत पळत सुटायची.

ते पळणं दामिनीला इतक्या वर्षांनी आठवलं आणि तिने ते कामाला लावलं. रोज सांजवेळी, ज्यांचा धडा राहिला त्यांच्या फोनवर ओळ जाऊ लागली: 'कुंदाबाई अजून जेवल्या नाहीत. तुमची वाट पाहत आहेत.'

लोक परत आले. एकेक करत, मग घोळक्याने.

"दामिनी, ये तो कमाल हो गया!" नागपूरहून डिंपल म्हणाली. डिंपल तिची वरिष्ठ. "लोक लिहून राहिले की मेसेज पाहून रडू येते. मेसेज एक दिवस बी चुकवू नको हां."

"चुकला तर सवय तुटते," दामिनी म्हणाली. तिला फार बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगायचं. आणि त्या बऱ्या वाटण्याच्या तळाशी एक बारीकसा खडा होता, तोही तिला लागला होता. आवाज देणाऱ्या कुंदाबाईला आपण काय सांगून आलो होतो, ते तिला पक्कं आठवत होतं.

उन्हाळ्यात ती आवाज भरायला गेली होती. बाहेरचा गलका येऊ नये म्हणून दोघी डोक्यावर गोधडी घेऊन बसल्या होत्या, घामाघूम, हसून हसून बेजार. कुंदाबाईने विचारलं होतं, "हे कायले करून राहिली वं तू?"

ॲप म्हणजे काय, ते समजावत बसायचा दामिनीला कंटाळा आला होता. ती म्हणाली होती, "लोक येतील तुझ्याकडे बोली शिकायला. रोज संध्याकाळी."

"खूप येतील?"

"खूप."

"मंग पानी भरून ठेवा लागंल," कुंदाबाई म्हणाली होती. "आन् तू? तू येशील न?"

"येईन की."

त्यानंतर दामिनी गेली नव्हती. बोदलकसा काही काळ्या पाण्यावर नाही, स्कूटरने सकाळी निघून दुपारी परतता येतं. पण गेली नव्हती.

दिवाळी झाल्यावर भोजराजचा फोन आला. भोजराज कुंदाबाईच्या शेजारी राहायचा, तिचं शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, करायचा. "दामिनी, काकी खाऊन नाही राहिली. पाहून जाय एकदा."

"डॉक्टरला दाखव ना दादा."

"दाखवलं. काही नाही म्हनते. तू ये."

दामिनीने येते म्हटलं. नवीन धडे सुरू व्हायचे होते, ते निमित्त झालं. पुन्हा फोन आला, तेव्हा तिने तो वाजू दिला. तिसऱ्यांदा भोजराज नुसतं एवढंच म्हणाला, "समाजाची लग्नाची भांडी आनाले लावली तिनं मले. सारी." आणि त्याने फोन ठेवला.

दामिनी दुसऱ्या दिवशी निघाली. तिरोड्याच्या पुढे धान कापून झालं होतं. बांध्यांत, धानाच्या त्या शेतांत, पेंढ्यांचे ढीग म्हणजे पुंजणे रचलेले होते, हवेत तणसाचा सुका वास होता. तलावावरून गार वारा येत होता. ती पोचली तेव्हा उन्हं उतरत होती.

आंगणाच्या फाटकाशीच ती थांबली.

समाजाच्या लग्नात पंगतीला लागतात ते स्टीलचे पेले आंगणभर मांडले होते. ओळीने, ओसरीच्या पायरीपासून विहिरीपर्यंत, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट सोडून. प्रत्येक पेला पाण्याने भरलेला. पायरीवर उंबऱ्याला लागून एक पितळी लोटा वेगळा ठेवला होता. ओसरी नुकतीच सारवलेली होती आणि तिच्यावर शिंदीची चटई अंथरली होती.

"दिवाळीच्या आधी घेतली थे चटई," भोजराज हळूच म्हणाला. तो विहिरीवरून बादली घेऊन येत होता. "पाय न, कशी झाली."

चटई मधोमध झिजली होती. माणसं बसतात तिथे तिथे पात्या तुटून खालचं शेण दिसत होतं.

"कोण येतं इथे?"

"कोनीच नाही." भोजराजने बादली खाली ठेवली. "पेले रिकामे होतात न वं. आधी वाटलं कुत्रे पिऊन राहिले."

घरातून कुंदाबाई बाहेर आली. दामिनीने तिला पाहिलं आणि तिची मान आपोआप खाली गेली. अंगात हाडं तेवढी उरली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डोळे मात्र हसरे, स्वच्छ.

"आव बाई, बस," ती पोवारीत म्हणाली. "तोरो नाव का से?"

तुझं नाव काय, हा पहिल्या धड्याचा पहिलाच प्रश्न होता. दामिनी कसनुसं हसली. थट्टा करते आहे, रागावली आहे, असं तिला वाटलं. रागवायचा तिला हक्कही होता.

"मोठी माय, मी हाये."

"हो, हो. बस," कुंदाबाई म्हणाली आणि पेल्यांकडे पाहू लागली.

भोजराज पुंजण्याकडे जनावरं शिरतात म्हणून निघून गेला. दोघी ओसरीवर बसल्या. दिवस बुडत आला. रोजच्या वेळी दामिनीचा फोन किंचित थरथरला, म्हणजे ओळ गेली होती. सवयीने तिने ऑफिसचं पान उघडलं. तिथे शिकणाऱ्यांची नावं असायची, धडा झाला की नाव हिरवं व्हायचं.

एक नाव हिरवं झालं.

आंगणात पहिल्या ओळीतल्या पेल्यातलं पाणी खाली गेलं. आवाज झाला नाही. पेला हलला नाही. पाणी फक्त तळाला गेलं आणि तिथेही राहिलं नाही.

दुसरं नाव. दुसरा पेला.

दामिनीने फोन पालथा घातला. पेले रिकामे होतच राहिले.

"आली बिचारी लेकरं," कुंदाबाई समाधानाने म्हणाली. "थो बंगलोरवाला पोरगा काही दिसून नाही राहिला. कालबी नाही आला. त्याच्या घरी दुखनं-भानं असंल."

"मोठी माय, तू जेवून घे."

"समदे आले का जेवतो न."

"सगळे कधीच येत नसतात गं."

"काऊन नाही? येतील म्हनलं होतं," कुंदाबाई म्हणाली. कोणी म्हटलं होतं, ते ती बोलली नाही. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर दामिनीला सोपं गेलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ लिहिताना तिला ठाऊक होतं की ते खोटं आहे. खोटं आहे म्हणूनच तर तिने बिनदिक्कत लिहिली होती. आता ते खरं होऊन तिच्यासमोर बसलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन.

ती परसात गेली आणि तिने डिंपलला फोन लावला. "तो मेसेज बंद करू या. आजपासून."

"पागल है क्या? एक दिवस चुकला तर सवय तुटते, तूच तर म्हणत होतीस."

"मोठी माय मरून जाईल गं."

"कौन मोठी माय?" डिंपलने विचारलं.

दामिनीने फोन कापला.

ती चुलीपाशी गेली. डाळ होती, तिने भात टाकला, वांगी परतली. ताट वाढून कुंदाबाईसमोर ठेवलं. कुंदाबाईने ताटाला हात लावला नाही. आंगणात अजून कितीतरी पेले भरलेले होते. ज्यांनी ॲप घेऊन केव्हाच सोडून दिलं, ज्यांना ओळ रोज जाते आणि जे ती न वाचताच पुसतात, त्यांचे ते पेले. ती माणसं येणार नव्हती.

मग दामिनीला ते सुचलं. आपण लिहिलं ते खरं झालं ना? मग दुसरं लिहू.

खरं तर तिने एक घास कालवून मोठ्या मायच्या तोंडाशी न्यायला हवा होता. पण हातात फोन होता आणि हाताला फोनचीच सवय होती. तिने नवी ओळ लिहिली आणि सगळ्यांना पाठवली: 'कुंदाबाई जेवल्या. आता कुणाची वाट नाही.'

कुंदाबाईने सुस्कारा टाकला. हळूच ढेकर दिली. पदराने तोंड पुसलं, उठून मोरीवर हात धुतला, चूळ भरली आणि येऊन भिंतीला टेकली.

"आज पोटभर जेवली," ती म्हणाली.

ताटात भात तसाच होता. त्याच्यावर पळीचा वळ तसाच होता.

"मोठी माय, एक घास. माझ्यासाठी."

"आता जागा नाही वं."

"तू काहीच खाल्लं नाहीस!"

"काय बोलते पोरी. आताच तं उठली ताटावरून."

दामिनीने ओळ मागे घ्यायला फोन उघडला. ती सगळीकडे पोचली होती, वाचून झाली होती. लोक खाली हसरे चेहरे टाकत होते. बरं झालं, जेवल्या. आता निवांत. आंगणातल्या एकाही पेल्यातलं पाणी हलत नव्हतं.

कुंदाबाईने ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि तिच्याकडे सरकवलं. "हे चुलीजवळ ठेवजो. थे येईल तं भुकेली राहील. शाळेतून येते न, तलावाच्या पाळीवर खेळत बसते."

"कोण?"

कुंदाबाईने उंबऱ्याजवळच्या पितळी लोट्याकडे बोट केलं. "दामिनी. थे तेवढी नाही आली अजून."

सबंध संध्याकाळभर या बाईने आपल्याला एकदाही नावाने हाक मारली नाही, हे तिला आत्ता कळलं.

"मीच दामिनी, मोठी माय. माझ्याकडे पाहा ना."

कुंदाबाई मायेने पाहत राहिली, आलेल्या प्रत्येकाकडे पाहावं तशी.

"मोरो नाव दामिनी से," दामिनी म्हणाली. तिला येत होतं तेवढं. रडू आवरेना. "मी आयी, मोठी माय. मी आयी."

"साजरो!" कुंदाबाई म्हणाली. बरोबर उत्तराला ॲपमध्ये वाजतो तो शब्द, त्याच सुरात, त्याच लांबीचा.

मग ती पुन्हा फाटकाकडे पाहू लागली.

दामिनी उठली. उंबऱ्याजवळचा लोटा तिने दोन्ही हातांनी उचलला. जड होता. ती पायरी उतरली, चपला काढल्या आणि लोटा वाकडा करून पायांवर पाणी ओतलं. पाणी पडल्याचा आवाज झाला. ते गार लागलं. सगळं ओतून झाल्यावर तिने लोटा जागेवर ठेवला आणि ओसरीवर चढायला पाय उचलला.

लोटा काठोकाठ भरलेला होता. तिने खाली पाहिलं. दिवसभराच्या धुळीने माखलेले तिचे पाय कोरडे होते.