तेराव्याची हजेरी

घडलंय ते असं. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या ताई आमच्या शेजारी राहतात, कपडे शिवतात. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही.

भुताच्या गोष्टीला म्हणे रात्र लागते. इथे भर दुपारचे बारा वाजले होते...

नदीवरचा नवा पूल म्हणजे स्मारकच. बांधताना परांची कोसळून बारा कामगार नदीत गेले. त्यांची नावं कठड्यावरच्या पोलादी पाट्यांवर कोरली आहेत.

ताईंचा नवरा तिथे मुकादम होता. धाकटा भाऊही तिथेच. खारीसारखा सरसर वर चढायचा, म्हणून सगळे त्याला खारू म्हणत.

पाट्यांवर खारूचं नाव नव्हतं.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला होता, "ताई, मी हे काम सोडतोय."

ताई भडकल्या. "भाऊजींनी शब्द टाकून लावलंय तुला. त्यांना तोंडघशी पाडतोस?"

दुसऱ्या दिवशी खारू गायब. नवरा म्हणाला, "पहाटेच गेला शहर सोडून. ताईचं तोंड बघणार नाही म्हणाला."

ते ताईंच्या जिव्हारी लागलं. "माझ्यापुरता तो मेला," असं त्या पाच वर्षं सांगत राहिल्या.

पूल झाल्यापासून दर वर्षी त्या तारखेला तिथे नावं वाचतात. नवरा ताईंना कधी नेत नसे. "आपलं कोण आहे तिथे? उगाच उन्हात कशाला?"

यंदा तो नावांचा कागद घरीच विसरला. ताई कागद घेऊन धावत सुटल्या.

पुलावरची वाहतूक थांबवली होती. वारासुद्धा पडलेला...

बांधकाम चालू असताना वाऱ्यात 'हजर' ऐकू येत नसे. म्हणून मुकादमानं नाव पुकारलं, की कामगार हातातला पाना पोलादावर एकदा ठोकायचा. स्मरणाच्या दिवशीही तोच रिवाज. नवरा नाव वाचायचा, एखादा जुना सोबती ठोका द्यायचा.

खारू तेवढा दोन ठोके द्यायचा. "एक माझा, एक पुलाचा!" डबा द्यायला गेल्यावर ताईंनी कितीदा ऐकलं होतं.

बारावं नाव झालं. ठण्.

संपलं, म्हणून ताई निघाल्या. पण नवरा हलेना. डोळे मिटून तसाच उभा. कशाची तरी वाट बघत असल्यासारखा...

आणि...

ठण्. ठण्.

कठड्याच्या बाहेरून. जिथे पाय ठेवायला वीतभर जागा नाही!

ताईंनी वाकून पाहिलं. खाली नुसतं पाणी. हाताखालचा कठडा मात्र अजून थरथरत होता.

कुणी दचकलं नाही. जुने सोबती खाली माना घालून उभे होते.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं...

"तो आला होता ना त्या दिवशी कामावर?" ताईंनी विचारलं.

नवऱ्यानं नावांचा कागद दुमडला. "काम सोडतो, असं सांगायला आला होता. मीच म्हणालो, आजचा दिवस भर. परांचीवर बाराच माणसांची परवानगी होती गं. मी तेरावा चढवला... तो सापडलाच नाही. मग मी त्याला गैरहजर लावला. नाहीतर मी अडकलो असतो."

"आणि हे ठोके? तू कधीपासून ऐकतोयस?" ताईंनी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरे-तुरे केलं.

"पहिल्या वर्षापासून."

दर वर्षी हा माणूस ते ऐकून घरी यायचा, हात धुऊन ताटावर बसायचा. ताई भावाला शिव्या देत त्याला वाढायच्या. त्यानं एकदाही "नको बोलूस" म्हटलं नाही.

ताई आता आमच्या शेजारी, त्यांच्या आईकडे राहतात. चौकशी पुन्हा सुरू झाली आहे.

पुढच्या वर्षी पुलावर जायचं का, हे मात्र त्यांचं ठरत नाही. पाठच्या भावाची भीती वाटते, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?